शेवयांची खळ

मी पहिलेपासून सांगून राहिली होती, पण माझं ऐकते कोण. मी कामठीची प्रेमिला, कोंबड्या पाळणारी, अंडी विकणारी. माझ्या मोठ्या बहिणीच्या, मैनाताईच्या घरी माझ्या बोलण्याले मांजरीच्या म्यावएवढी किंमत. तिचा नवरा ईश्वरदास विणकर. नागपुरात पाचपावलीले त्याईचं घर, घरात दोन माग, अन् घरानं महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला. मांस-मच्छी तर सोडाच, मी अंड्यांची टोपली घेऊन गेली तर टोपली ओट्याखाली ठेवा, हातपाय धुवा, मंग कुठं चहा भेटे. त्याचीही कपबशी वेगळी. त्याचा मले राग नव्हता. माझ्या सासरी रविवारी कोंबडं कापतात, तिच्या सासरी नाही कापत, एवढंच.

राग आला तो चंद्रकलेच्या वेळेस.

चंद्रकला म्हणजे मैनाताईची एकुलती एक पोरगी. मॅट्रिक झाली अन् तिनं मनात घेतलं की नर्स व्हायचं. स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, मोठ्या दवाखान्यात पोरींच्या तुकड्या निघत, शिकणं-राहणं तिथंच. ईश्वरदास भाऊजी हो म्हणत नव्हते अन् नाहीही म्हणत नव्हते. उमरेडचं एक स्थळ आलं होतं. बिजवर, दोन लेकरं पदरात. भाऊजी पोरीले म्हणाले, "दवाखान्यानं घेतली तर जाय. नाही घेतली तर उमरेड. मंग रडायचं नाही." चंद्रकला म्हणाली, "नाही रडणार, बाबा."

चैत्रात ती दवाखान्यात गेली. तिथं इंदुताई म्हणून डॉक्टरीणबाई होत्या, त्याईनं तिले काट्यावर उभी केली अन् परत पाठवली. वजन कमी. आखाडीच्या आधी पुन्हा ये म्हणाल्या, पण अंग भरून ये.

आता अंग भरणं म्हटलं की मैनाताईले एकच माहीत, शेवया. अन् तिच्या हातच्या शेवया म्हणजे काय सांगू. विणकराच्या घरची बाई, बोटाले धाग्याची सवय. पिठाचा गोळा ओढता ओढता असा बारीक तार काढे की पाहणाऱ्यानं सूत समजावं. गल्लीत ताणा, म्हणजे मागाचे उभे धागे, पसरायचे बांबू होते, उन्हाळाभर त्याच बांबूंवर तिच्या शेवया वाळत. मी गेली तेव्हा सगळी गल्ली पांढरी झाली होती.

"एवढ्या कोणासाठी वं?" मी विचारलं.

"पोरीसाठी. सकाळी दुधात, दुपारी तुपात, संध्याकाळी गुळात. पाहाच तू."

मी म्हटलं, "ताई, शेवयानं पोट भरते. रक्तामांसासाठी कोंबडी पाहिजे. पोरीले माझ्याकडे पाठव. तुझ्या चुलीवर नको, माझ्या चुलीवर शिजवीन."

तिचे हात थांबले नाहीत. "अन् तिथं खाऊन आली की माझ्या चुलीपाशी कशी येईन? माझ्या हांड्याले हात कशी लावीन? तुझी एक कोंबडी वाचवायले मी नको म्हणत नाही. माझी पोरगी माझ्या ताटातून उठीन, त्याचं काय?"

पण तोंड गप्प बसेल तर मी प्रेमिला कशाची. "मंग उमरेडले पाठव ताट वाढून," असं बोलून मी टोपली उचलली अन् निघाली.

आता वजनाचं सांगते, कारण सगळा घोटाळा तिथंच झाला. भाऊजी विणकर सोसायटीत पंच होते. सोसायटी विणकराले सूत तोलून देई अन् लुगडं तोलून परत घेई. जेवढं सूत नेलं तेवढं वजन आलं पाहिजे, हा हिशेब. पण विणकरांतही एकेक वस्ताद. थोडं सूत घरी ठेवून घ्यायचं अन् ताण्याले खळ जाड लावायची. खळ म्हणजे कणकेची पातळ लापशी, धागा ताठ राहावा म्हणून सगळेच लावतात. पण हे वस्ताद दुप्पट-तिप्पट चढवत. लुगडं काट्यावर बरोबर भरे, हाताले कडक लागे, अन् पहिल्या धुण्यात त्याची पार चिंधी होऊन जाई. भाऊजी अशा लुगड्याचा कोपरा वाटीतल्या पाण्यात बुडवत, अंगठ्यानं चोळत अन् पिळत. पाणी दुधासारखं निघालं की लुगडं मालकाच्या अंगावर फेकत. ह्या कामात त्याईले दयामाया नव्हती. सख्ख्या चुलतभावाचं लुगडं त्याईनं भर पंचांत फेकलं होतं.

त्याच काट्यावर भाऊजी चंद्रकलेले तोलत. पारड्यात पोतं टाकायचं, पोरीनं पाय पोटाशी घेऊन बसायचं, अन् दुसऱ्या पारड्यात मापं. मी बाजाराच्या दिवशी नागपूरले येई, तेव्हा दोनदा-तीनदा माझ्या डोळ्यानं पाहिलं. पोरगी खरंच चढून राहिली होती. गाल भरले, दंड भरले, चोळी तंग झाली. भाऊजी माप टाकत अन् मैनाताईकडे पाहत, अन् मैनाताई माझ्याकडे पाहे. मले त्या पाहण्याचा रागच यायचा.

पण एक दिवस मी तिच्या मागं विहिरीवर गेली. भरली घागर घेऊन चार पायऱ्या चढली अन् बसली पोरगी. ओठ पांढरे, छातीचा भाता चाललेला. मी तिची बोटं हातात घेतली तर नखं अशी फिक्कट, जशी उकडलेल्या अंड्याची साल.

"हे कवापासून?"

"उन्हामुळं आहे, मावशी."

"ऊन काय तुलेच लागते? मी तुझ्या दुप्पट वयाची, मी नाही बसली."

घरी येऊन मैनाताईले सांगतलं तर ती उसळली. "वजन वाढून राहिलं ते दिसत नाही तुले? माझ्या पोरीले नजर लावू नको, प्रेमिला." भाऊजी मागावर बसले होते. ते म्हणाले, "काटा खोटं बोलत नाही." झालं, पंचाचा निकाल लागला.

मंग मीच ठरवलं की आता विचारायचं नाही. सासू आजारी आहे, हाताखाली कोणी पाहिजे, असं सांगून पोरीले कामठीले घेऊन आली. सासू माझी ठणठणीत, अंगणात बसून सुपारी कातरून राहिली होती. मी चांगली तलंग, कोवळी कोंबडी, कापली, मसाला वाटला, अन् वाटीभर लाल रस्सा पोरीपुढं ठेवला. दार लावून घेतलं.

"पी."

तिनं वाटी उचलली. तोंडापाशी नेली. मी पाहत होती. तिनं वाटी पुन्हा खाली ठेवली.

"मावशी, हे पिऊन मी घरी गेली अन् मायच्या हांड्याले हात लावला तर?"

"लाव. सांगू नको म्हणजे झालं."

"ती विचारत नाही. नुसतं तोंडाकडे पाहते अन् ओळखते. मले तिच्यापुढं खोटं उभं राहता येत नाही."

"मंग नर्स व्हायचं नाही तुले?"

"व्हायचं आहे," ती म्हणाली. "त्याच्यापेक्षा मोठं मले दुसरं काहीच नाही." अन् तरी वाटीले हात नाही लावला.

माझं डोकं फिरलं. मी तिले नाही नाही ते बोलली. जाय मंग उमरेडले, पोस दुसऱ्याची लेकरं, म्हटलं. तिनं बापाले शब्द दिला होता रडणार नाही म्हणून, तो माझ्यापुढंही पाळला. हात धुतले अन् सासूपाशी जाऊन सुपारी कातरायले बसली.

आखाडी जवळ आली. दवाखान्यात जायच्या दिवशी मैनाताईनं मले निरोप पाठवला, कारण डॉक्टर म्हटलं की तिच्या तोंडातून शब्द निघत नाही. आम्ही चौघं गेलो. इंदुताई डॉक्टरीण म्हणजे उंच, सडपातळ बाई, बोलणं कमी. त्याईनं चंद्रकलेले काट्यावर उभी केली. काटा हलला, थांबला. त्याई म्हणाल्या, "वजन चांगलं भरलंय."

भाऊजीनं खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मैनाताईनं हात जोडले, कोणाले ते तिलेच माहीत. खरं सांगते, माझ्याही मनात आलं की जाऊ दे, मी हरली तर हरली, पोरगी तर सुटली.

"इकडे ये, खिडकीपाशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्याईनं अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. मंग दुसरी ओढली. मंग नखं पाहिली, एकेक दाबून. त्याईनं सुई घेतली, तिच्या बोटाले टोचली, रक्ताचा थेंब टीपकागदावर घेतला, अन् त्याच्या बाजूले लाल रंगाच्या पट्ट्या असलेला एक कागद धरला. वरची पट्टी फिकी, मंग गडद, मंग आणखी गडद. थेंब कोणत्या पट्टीशी जुळते ते पाहून राहिल्या होत्या.

माझा भाऊजी विणकर माणूस. उभा जन्म रंग जुळवण्यात गेला. डॉक्टरीणबाई बोलायच्या आधी त्याईले समजलं. मी त्याईच्या तोंडाकडे पाहिलं, मंग कागदाकडे. थेंब सगळ्यात वरच्या पट्टीच्या जवळ होता.

"हिला घेता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगात रक्तच नाही. इथं दिवस-दिवस उभं राहायचं, रोगी उचलायचे. आठवड्यात हीच खाटेवर पडेल."

"पण वजन तर भरलं," भाऊजी म्हणाले. आवाज चढला होता. "तुम्ही वजन सांगतलं होतं. आम्ही वजन भरून आणलं."

"काय खायला घातलं तिला?"

मैनाताईचं तोंड पहिल्यांदा उघडलं. "शेवया, बाई. दुधातल्या, तुपातल्या. तीन टाइम."

"आणि डाळ, भाजी?"

"पोट भरल्यावर ते कुठं जाते, बाई."

डॉक्टरीणबाईनं खुर्ची ओढली अन् भाऊजीले बसायले सांगतलं. राग नव्हता त्याईच्या बोलण्यात. "ईश्वरदासजी, शेवया वाईट नाहीत. गहूच आहे तो. कष्टाला बळ देतो, अंग भरतो. नुसतं वजनच चढवायचं तर कोंबडीपेक्षा शेवयांनी लवकर चढेल. पण रक्त व्हायला जे लागतं ते शेवयांत फार थोडं. ते कोंबडीच्या मांसात आहे, सगळ्यात जास्त काळजात. मांस खाच असं मी म्हणत नाही. डाळ, हरभरे, हिरव्या भाज्या यांनीही होतं, पण हिचं इतकं उतरलंय की त्यानं दिवाळी उजाडेल. मी एक जागा पोळ्यापर्यंत ठेवू शकते. त्यापुढं माझ्या हातात नाही."

माझ्यानं राहवलं नाही. "मी हेच सांगून राहिली होती, बाई. कोंबडीचा रस्सा दे म्हणून."

"रस्सा नाही, मावशी. रस्सा म्हणजे मसाल्याचं पाणी. फोडी खायच्या."

आमच्या घरी फोडी माणसाच्या ताटात जातात, रस्सा बायका अन् लेकरं खातात. माझी सासू तसंच वाढत आली, मी तसंच वाढत आली. त्या दिवशी पोरीपुढं दार लावून जी वाटी ठेवली होती, तिच्यात एक फोड नव्हती. सगळ्या नवऱ्यासाठी काढून ठेवल्या होत्या.

बाहेर आलो. दवाखान्याच्या पायरीवर भाऊजी मटकन बसले. येणारे-जाणारे त्याईले वळसा घालून जात. चंद्रकला बाजूले उभी, टोचलेलं बोट दुसऱ्या हातात धरून. भाऊजी बोलले, मैनाताईकडे न पाहता.

"मैना, आपण पोरीले खळ लावली."

मैनाताईनं पदर तोंडाले लावला. ती विणकराची पोरगी, विणकराची बायको. तिले ह्याच्यावर दुसरं काही सांगायची गरज नव्हती.

"लोकांची लुगडी मी पाण्यात बुडवून पाहत होतो," भाऊजी म्हणाले, "अन् घरी काट्यावर विश्वास ठेवून बसलो." मंग माझ्याकडे वळले. "प्रेमिला, हिले घेऊन जाय. उमरेडवाल्याले मी पोळ्यापर्यंत थांबवतो. तू काय खाऊ घालते ते मले सांगू नको."

"बाबा, मी नाही खाणार," चंद्रकला म्हणाली.

"तू जाय," ते म्हणाले. मैनाताई घराकडे चालू लागली ती मागं वळून पाहिलंही नाही तिनं. मले वाटलं, गेली. आता ह्या मायलेकींत उभा जन्म कपबशी वेगळी राहणार.

दुसऱ्या दिवशी मी कोंबडी कापली. काळीज वेगळं काढलं, मिठातुपात परतलं, फोडी वाढल्या, अन् नवऱ्याले सांगतलं की आज तुम्ही रस्सा प्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं अन् रश्श्याची वाटी पुढं ओढली. चंद्रकला ताटापुढं बसली अन् बसूनच राहिली. मी रागावली, हातापाया पडली. ती म्हणे, "मावशी, हात उठत नाही." ताट निवून गेलं.

तेवढ्यात दारात मैनाताई उभी. सकाळच्या मोटारीनं आली होती. माझ्या लग्नापासून त्या दिवसापर्यंत तिनं माझ्या घरी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तिनं पाय धुतले, आत आली, पोरीच्या समोर मांडी घालून बसली.

"ह्याच्यात काळीज कोणतं?" तिनं मले विचारलं.

मी बोटानं दाखवलं. चंद्रकला घाईनं म्हणाली, "माय, मी खाल्लं नाही. विचार मावशीले."

"माहीत आहे मले." मैनाताईनं ताटात हात घातला. काळजाचा तुकडा तिनं बोटात धरला अन् मान दुसरीकडे वळवली. तरी हात पोरीच्या तोंडापुढं तसाच.

"तोंड उघड."

"माय, तुझा हात बाटला."

"बाटू दे. तू खाल्लं नाही, मी चारलं. देवानं विचारलं तर हाच हात पुढं करीन. उघड तोंड."

पोरीनं तोंड उघडलं. बापाले दिलेला शब्द तिनं तिथं मोडला. घास चावत होती अन् डोळ्यातून धारा लागल्या होत्या. मैनाताईनं सगळं ताट संपवलं, एकेक फोड करून. मंग अंगणात गेली अन् राखेनं हात घासत बसली, किती वेळ ते मले नाही सांगता येत. माझी सासू सुपारी विसरून पाहत राहिली होती. मी पाणी दिलं तर मैनाताईनं हातावर घेतलं, प्यायली नाही.

ती मंग येतच राहिली. मी कोंबडी कापली की निरोप जाई अन् ती येई, चारे, हात घासे, परत जाई. मधल्या दिवसांत हरभरे, मेथी, डाळ. घरी तिनं देवाच्या ताटाले हात लावणं बंद केलं. पूजा भाऊजी करत. कोणी विचारलं की काहून, तर म्हणे, माझ्या हाताले जखम आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा चौघं दवाखान्यात गेलो. ह्या वेळेस काट्याकडे कोणी पाहिलं नाही. वजन थोडं उतरलं होतं म्हणे. भाऊजीची नजर टीपकागदावर. डॉक्टरीणबाईनं थेंब घेतला, पट्ट्यांचा कागद धरला. भाऊजी टाचा उचलून पाहून राहिले होते. मी डोळे मिटून घेतले, मले नाही सहन झालं.

"पक्का आहे," भाऊजीचा आवाज आला. "हा धुण्यात जाणार नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या. त्याईले लुगड्याचं काय माहीत, पण अर्थ समजला. "घेतलं हिला," त्या म्हणाल्या. "कोणी खाऊ घातलं?"

मी तोंड उघडलंच होतं. माझ्या कोंबड्या, माझी चूल, माझं तूप. पण मैनाताई पुढं झाली अन् तिनं उजवा हात समोर धरला, जसा काही देवापुढंच धरला. "ह्या हातानं, बाई."

डॉक्टरीणबाईले वाटलं, तपासायले दिला. त्याईनं हात हातात घेतला, नख दाबलं. मंग दुसरं दाबलं. उठून तिच्या डोळ्याची पापणी ओढली. हसू गेलं त्याईचं.

"मावशी, तुमच्यात तर मुलीपेक्षा कमी आहे. तुम्ही काय खाता?"

"मले काय, बाई. पोरीच्या ताटात उरल्या शेवया की त्याच." मैनाताई हात सोडवून घेऊ लागली. "मले कोणती नर्स व्हायचं आहे."

मी एवढी बोलणारी बाई. पोरीची नखं पाहिली, पापण्या पाहिल्या, महिनोन्महिने तिच्यासाठी भांडली. माझी सख्खी बहीण माझ्यापुढं रोज पांढरी होऊन राहिली होती, ते मी पाहिलंच नाही.

चंद्रकलेनं मायचा तो हात डॉक्टरीणबाईच्या हातातून आपल्याकडे घेतला. "तुले दिवाळीपर्यंत वेळ आहे, माय," ती म्हणाली. "कोंबडी नको तुले. हरभरे, डाळ, मेथी. सुट्टीच्या दिवशी येऊन मी चारीन, अन् तोंड नाही उघडलं तर मावशीले बोलवीन."

मैनाताईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी येतेच. टोपली ओट्याखाली ठेवीन."